आधी ट्राम बघा, मग नेरळची गाडी धरा

दादर पूर्वेला टॅक्सीत बसताना मी सवयीने ‘टीटीला घ्या’ म्हणालो. शेजारी बसलेल्या पुतणीने विचारलं, “काका, टीटी म्हणजे टेबल टेनिस ना?” तिला सांगितलं, नाही गं, टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. इथे ट्रामचा शेवटचा थांबा होता. तिचे डोळे एवढे मोठे झाले. “ट्राम? आपल्याकडे? मग मला बसायचंय.”

बसायला आता मुंबईत ट्राम नाही. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली आणि नव्वद वर्षांचा कारभार संपला. पण तिला नाही म्हणवेना. ठाण्याहून एका दिवसात जाऊन येता येईल असं काय काय आहे ते शोधलं, वर्षभरात तिला आणि माझ्या आईला घेऊन सगळीकडे जाऊन आलो, आणि आता सोसायटीत कुणी विचारलं की मी हेच सांगतो: दोन दिवस काढा. एक दिवस बघण्याचा, एक दिवस बसण्याचा. बघायची ती मुंबईची ट्राम, बसायचं ते नेरळ–माथेरानच्या गाडीत. आणि क्रम उलटा करू नका.

या दोघींची जोडी मी उगाच लावलेली नाही. माथेरानची गाडी २२ मार्च १९०७ ला सुरू झाली. मुंबईत विजेवरची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ ला. मध्ये फक्त दीड महिना. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन गाड्या, त्यातली एक काचेआड गेली आणि दुसरी आजही डोंगर चढते. पहिलीजवळ उभं राहून चाक, रूळ, ब्रेक, घंटा नीट समजून घेतलं की दुसरीत बसल्यावर आपल्या पायाखाली काय चाललंय ते कळतं. नाहीतर माथेरानला जाणारे बरेचजण पूर्ण वेळ खिडकीतून मोबाईल बाहेर काढून असतात आणि गाडी राहूनच जाते.

वार आधी ठरवा, बाकी नंतर

ट्राम बघायची जागा म्हणजे मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्टचं वस्तुसंग्रहालय, शीवजवळच्या आणिक बस आगारात. ते बुधवार ते रविवार, सकाळी ९ ते ५ उघडं असतं, सोमवारी आणि मंगळवारी बंद. प्रवेशाला पैसे नाहीत. आम्ही पहिल्यांदा गेलो तो मंगळवार होता. शाळेला सुट्टी होती म्हणून निघालो, वार बघितलाच नाही. आई, पुतणी आणि मी दारातून परत आलो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बेस्टला फोन करून ‘उद्या उघडं आहे का’ एवढं विचाराच. आगाराच्या आतली जागा आहे, कामकाजामुळे वेळ बदलू शकते.

रविवार टाळा, असं माझं मत. ठाणेकराला कारण सांगायला नको: मेगाब्लॉक. धीम्या मार्गावर ब्लॉक असला की शीवला उतरण्याचा बेत कोलमडतो. शनिवार उत्तम.

माथेरानसाठी मात्र शनिवार-रविवार दोन्ही नकोत. आठवड्यातला मधला वार, तोही लागून सुट्टी नसलेला. मुलांची एक दिवस शाळा बुडाली तर बुडू दे, असं मी शाळेच्या बाबतीत सहसा म्हणत नाही, पण इथे म्हणतो.

आणि ऋतू. पावसाळ्यात, साधारण जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. तेव्हा फक्त वरचा टप्पा, अमन लॉज ते माथेरान, चालू राहतो. पूर्ण प्रवास हवा असेल तर दिवाळीनंतर ते मार्च हा काळ धरा. संग्रहालय पावसाळ्यात उरका, गाडी हिवाळ्यात.

पहिला दिवस: आणिक आगार

ठाण्याहून धीमी लोकल धरायची, जलद नको, कारण ती शीवला थांबत नाही. शीवला पूर्वेला बाहेर पडून टॅक्सी किंवा बेस्टची बस. ‘आणिक डेपो’ म्हटलं की कुणीही सांगेल. संग्रहालय आगाराच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. बरोबर वयस्कर माणूस असेल तर दारावर आधी जिन्याची-लिफ्टची चौकशी करा. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला ‘म्युझियम बघायचंय’ सांगायचं, वहीत नाव लिहायचं आणि वर जायचं. आवारात बसगाड्या वळत असतात, मुलांचा हात सोडू नका.

आत गेल्यावर घाई करू नका. ही जागा मोठी नाही. अर्ध्या तासात फिरून होते, आणि म्हणूनच लोक अर्ध्या तासात बाहेर पडतात. दोन तास द्या. ट्राम आणि बसच्या प्रतिकृती, जुनी तिकिटं, तिकीट छापायची यंत्रं, विजेचे मीटर, रस्त्यावरचे दिवे, छायाचित्रं असा ऐवज आहे. मुलं हमखास विचारतात, बसच्या संग्रहालयात विजेचा मीटर कशाला? उत्तर नावातच आहे. १९०५ मध्ये कंपनी झाली ती ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’, म्हणजेच बेस्ट. ट्राम चालवायला वीज हवी, आणि वीज करायचीच तर शहरालाही विकू, असा तो व्यवहार. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ती महापालिकेकडे आली. पुढे ट्रामवेजच्या ‘टी’ची जागा ट्रान्सपोर्टने घेतली आणि अक्षर तेच राहिलं. मुंबईतल्या एखाद्याच्या विजेच्या बिलावर बेस्टचं नाव का, हे मला चाळिशी उलटल्यावर तिथे कळलं.

क्रमाने बघायचं तर घोड्यांपासून सुरुवात करा. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाबा ते पायधुणी क्रॉफर्ड मार्केटवरून, दुसरा बोरीबंदर ते पायधुणी काळबादेवीवरून. कुलाबा ते पायधुणी तीन आणे. सुरुवातीला तिकीटच नव्हतं, पैसे दिले की झालं. कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते. या आकड्यावर मुलांना थांबवा आणि विचारा: ९०० घोड्यांना रोज चारा किती, पाणी किती, आणि उन्हात डांबराशिवायच्या रस्त्यावर त्यांची अवस्था काय? पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “वीज आल्यावर घोडे सुटले.” तेवढं कळलं की विजेच्या ट्रामचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण घोड्याला एवढं ओझं ओढता आलंच कसं? लोखंडी चाक लोखंडी रुळावरून फार कमी घर्षणाने जातं. एक घोडा साध्या रस्त्यावर टांग्यात जेवढी माणसं ओढेल त्याच्या कित्येक पट रुळावर ओढतो. संपूर्ण रेल्वेचं गुपित तेवढंच आहे. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की घर्षण कमी म्हणजे पकडही कमी. चढ आला, पाऊस आला, की चाक जागच्या जागी फिरायला लागतं. म्हणून जुन्या ट्राममध्ये वाळूची पेटी असे, चालक गरज पडली की चाकापुढे रुळावर वाळू सोडे. ही वाळू लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी चढावर आठवेल.

आता विजेच्या ट्रामच्या प्रतिकृतीपुढे उभे राहा आणि वरून खाली बघत या. छतावर तिरका दांडा, त्याच्या टोकाला वरच्या तारेला टेकणारी चाकी. तारेतून वीज खाली येते, मोटारीतून जाते आणि चाकांवाटे रुळात उतरून परत जाते. म्हणजे रूळ हीच दुसरी वायर. पुढे चालकाची जागा. तो उभ्याने चालवायचा, हातात मूठ, आणि मूठ एकेक खाच पुढे सरकवायची. एकदम सरकवली तर गाडी हिसका देणार, प्रवासी पडणार. डावा-उजवा वळवायला काहीच नाही, वळणं रूळच घेतो. घंटा पायाने वाजवायची, कारण दोन्ही हात कामात. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायची सोयच नसे: दोरीने तो वरचा दांडा उलट्या दिशेला फिरवायचा, चालक मूठ काढून घेऊन दुसऱ्या टोकाला जायचा आणि मागची बाजू पुढची व्हायची.

इथे आईचं सांगतो. ती लालबागची. लहानपणी आजोबांबरोबर ट्रामने बोरीबंदरला जायची. वस्तूंपुढून ती शांतपणे चालत होती, फार बोलत नव्हती. ट्रामच्या प्रतिकृतीपुढे आल्यावर तिने तर्जनी काचेवर टेकवली, दाराजवळच्या पायरीच्या जागी. म्हणाली, “इथे पाय ठेवायचा. आणि पूर्ण थांबायची वाट कुणी बघायचं नाही. आबा आधी मला वर चढवायचे, मग स्वतः चालत्या गाडीत.” मग तिने तोंडाने आवाज काढून दाखवला, वळणावर ट्राम कशी करकरायची तो. लांबलचक, दातांतून काढलेला, वर जाणारा. संग्रहालयातल्या कुठल्याही पाटीवर तो आवाज नाही. तुमच्या घरात १९५५ च्या आधी जन्मलेलं आणि मुंबईत वाढलेलं कुणी असेल तर त्यांना घेऊन जा, आणि ते बोलायला लागले की मोबाईलवर आवाज टिपून ठेवा. हे या लेखातलं सर्वात महत्त्वाचं काम समजा.

बसच्या विभागात डबलडेकरपुढे मुलं रेंगाळतील, रेंगाळू द्या. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली आणि डिझेलची शेवटची डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली, म्हणजे आत्ता-आत्ता. ती तर तुमच्या मुलांनीही बघितलेली असेल. पण ट्रामही दुमजली होती, १९२० पासून, हे त्यांना सांगा. डबलडेकर बस नंतरची.

त्याच दिवशी, जमलं तर: वरळीचा डबा

प्रतिकृती बघून मुलांचं समाधान होत नाही. खरी, पूर्ण आकाराची ट्राम वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या उद्यानात आहे. शेजारी वाफेचं रेल्वे इंजिन आणि लढाऊ विमानही आहे. शीवहून दादर, तिथे पश्चिम रेल्वे, महालक्ष्मीला उतरून टॅक्सी किंवा चालत. केंद्राला तिकीट आहे. दिवस पुरत नसेल तर आतली दालनं दुसऱ्या खेपेला ठेवा आणि आधी उद्यानात जा. ट्रामच्या शेजारी मूल उभं करा, फोटो काढा. मग वाफेच्या इंजिनापाशी उभं करून दुसरा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की रस्त्यावर माणसांमध्ये धावणारी गाडी आणि स्वतःच्या मार्गावर धावणारी गाडी यांच्या उंचीतला, चाकातला फरक दिसतो. ट्रामची पायरी रस्त्यालगत, इंजिनाची छातीएवढी.

हुतात्मा चौकाकडे कामानिमित्त जाणं झालं तर एक नजर जमिनीकडे टाका. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी तिथे डांबराखाली ट्रामचे रूळ निघाले होते. खास त्यासाठी ठाण्याहून जायला सांगणार नाही.

मधला आठवडा: घरी

दोन दिवसांच्या मध्ये निदान एक आठवडा जाऊ द्या. या काळात मुलांना नकाशा दाखवा. आपण ठाणेकर आहोत, तेव्हा १६ एप्रिल १८५३ त्यांना माहीत असायलाच हवा. त्या दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन गाडी निघाली ती आपल्याच स्टेशनात आली. ३४ किलोमीटर. आणखी एक ठाण्याचा धागा आहे जो फारसा सांगितला जात नाही: १८५० साली माथेरानचा डोंगर इंग्रजांच्या नजरेत आणला तो ह्यू मॅलेट, आणि तो ठाण्याचा कलेक्टर होता. डोंगरावर ठाकर-धनगरांची वस्ती त्याच्या आधीपासून होती, हेही त्याच दमात सांगा.

परदेशात या विषयाची मोठी संग्रहालयं आहेत, जिथे जुन्या ट्राममध्ये बसून फेरीच मारता येते. इंग्लंडमध्ये डर्बीशरमधल्या क्रिच गावी एका जुन्या दगडखाणीत असं संग्रहालय आहे. आत जाताना तुमच्या हातात जुनी एक पेनी देतात, ती ट्रामच्या कंडक्टरला द्यायची आणि तिकीट घ्यायचं. तिथे हौशी मंडळींनी वाचवलेली विजेची ट्राम पहिल्यांदा प्रवासी घेऊन धावली ते साल १९६४. आपल्याकडे शेवटची थांबली तेच साल. मला हे वाचून वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं. आपले डबे भंगारात गेले तेव्हा असं करता येतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

दुसरा दिवस: नेरळ

ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकल. दोन्ही नेरळला थांबतात. तासाभराहून थोडा जास्त प्रवास. कल्याणनंतर गर्दी ओसरते आणि बदलापूर-वांगणी मागे पडलं की उजव्या हाताला डोंगर दिसायला लागतो.

पहाटे निघा. माथेरानला जाणाऱ्या गाड्या सकाळीच सुटतात, डबे मोजके, आसनं थोडी. तिकीट नेरळच्या खिडकीवर सुटण्याआधी मिळतं आणि रांग त्याच्या बरीच आधी लागलेली असते. आम्ही पहिल्या खेपेला साडेआठला पोचलो आणि तिकिटं संपली होती. दुसऱ्या खेपेला सात वाजता रांगेत होतो आणि मिळाली. ठाण्याहून सहाच्या आतली लोकल धरलीत तरच हे जमतं. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून आदल्या दिवशी मध्य रेल्वेच्या चौकशीवर खात्री करा. आणि ‘गाडी आज आहे का’ हा प्रश्न फक्त रेल्वेच्या खिडकीवर विचारा, स्टेशनबाहेर नाही.

एकाने रांगेत राहायचं, बाकीच्यांनी नाश्ता. घरून डबा न्या. आमच्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तळलेल्या मिरच्या असतात. दशमी रांगेत उभ्यानेही खाता येते.

तिकीट हातात आलं की गाडीत जागा धरायला धावू नका, आधी दोन गोष्टी बघा.

पहिली, रूळ. फलाटाच्या एका बाजूला तुम्ही आलात तो मार्ग, दोन रुळांमध्ये १,६७६ मिलिमीटर. दुसरीकडे माथेरानचा, ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. मुलाला सांगा, फलाटावरच पावलांनी मोज. लोकलची रुंदी साडेपाच फूट, छोटीची दोन. एवढा अरुंद का, याचं उत्तर वळणात आहे. रूळ जितका अरुंद तितकं वळण आखूड घेता येतं, आणि वळण आखूड तर डोंगर कमी फोडावा लागतो. या मार्गावर काही वळणांची त्रिज्या ६० फुटांच्या आसपास आहे. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फूट. खेळपट्टीच्या एका टोकाला खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ काढलं तर या गाडीचं वळण त्याच्याही आत बसेल.

दुसरी गोष्ट, जुनं वाफेचं इंजिन. नेरळला एक जपून ठेवलंय. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची अशी चार इंजिनं इथे होती आणि १९८० च्या दशकापर्यंत त्यांनी डोंगर चढला. खाली वाकून चाकं बघा. एका बाजूला तीन-तीन. आता विचार करा, तीन आस, म्हणजे समोरासमोरची चाकं जोडणारे दांडे, एका चौकटीत घट्ट बसवले तर एवढ्या आखूड वळणावर ते अडकतील, रुळावरून उतरतील. म्हणून यांचे पुढचे आणि मागचे आस पोकळ नळीसारखे केलेत, आतल्या दांड्याभोवती ते थोडे इकडेतिकडे सरकतात आणि वळणाप्रमाणे तिरके होतात. मधला जागेवर. मी हे पुतणीला तीन पेन्सिली आणि एका वहीच्या पुठ्ठ्यावर घरी करून दाखवलं होतं, त्यामुळे तिथे गेल्यावर ती थेट गुडघ्यावर बसली आणि बोट घालून दाखवू लागली, “हा सरकतो. हा नाही.” हात तेलकट काळा झाला. पाण्याची बाटली आणि जुना रुमाल पिशवीत असू द्या.

गाडीत

कुठल्या बाजूला बसायचं, हा सगळ्यांचा प्रश्न. कुठेही बसा. गाडी डोंगराला वळसे घेत चढते, आत्ता डावीकडे असलेली दरी पुढच्या वळसाला उजवीकडे येते. डबे लहान, गुडघे समोरच्याला लागतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना कडेची जागा द्या.

साधारण २० किलोमीटरला अडीच तासांच्या वर लागतात. समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवरून ८०० मीटरवर जायचंय. सर्वात कडक चढ २० फुटांना एक फूट. कर्जतहून लोणावळ्याला जाणाऱ्या मोठ्या गाडीला ज्या घाटात मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात, तो चढ ३७ फुटांना एक फूट. बँकर न लावता, त्याच्या जवळजवळ दुप्पट चढावर ही गाडी जाते. इथे आणिकची वाळू आठवा: चाकाला पकड कशी मिळते, ती सुटली तर काय होईल.

वाटेत स्टेशनं तीन: जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज. वॉटर पाइपचं नाव मुलांना विचित्र वाटतं. वाफेच्या इंजिनाला तिथे पाणी भरावं लागे, म्हणून ते नाव. वाटेत एकच बोगदा आहे, इतका छोटा की त्याला वन किस टनेल म्हणतात. शेजारी बसलेले आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे बघू नका, दरीकडे बघा.

आता कान. आखूड वळण आलं की चाकाची कड रुळाच्या आतल्या बाजूला घासते आणि एक लांब करकर उठते. जुम्मापट्टीच्या पुढे पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा आईने माझा हात दाबला. काही बोलली नाही. तोच आवाज होता, तिने संग्रहालयात तोंडाने काढलेला. बाकी कुणाला तो फक्त जुन्या गाडीचा कुरकुराट वाटला असता, आमच्या बाकावर तिघांनाही माहीत होतं की लालबागच्या वळणावर साठ वर्षांपूर्वी हेच ऐकू यायचं.

उतरताना ब्रेककडे लक्ष द्या. पूर्वी या गाडीच्या डब्यांवर ब्रेक लावणारी माणसं उभी असत आणि इशारा मिळाला की सगळ्यांनी एका वेळी हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचा. चढताना सगळा भार इंजिनावर, उतरताना सगळा भार ब्रेकवर. ज्यांना परतीला गाडी मिळेल त्यांनी उतरतानाचा प्रवास जास्त मन लावून करावा, असं मी सांगेन. लोक तो झोपून काढतात.

हा मार्ग बांधला अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, वडील सर आदमजी यांच्या पैशावर, सोळा लाख रुपयांत. बांधकाम १९०४ ते १९०७. २००५ च्या जुलैमधल्या पावसात तो जागोजागी वाहून गेला आणि पुन्हा उभा करायला दोन वर्षं गेली. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच झालं आणि नेरळहून गाडी सुटली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. खिडकीतून जागोजागी दगडी आणि जाळीच्या भिंती दिसतात, गाडीइतक्याच त्याही बघण्यासारख्या आहेत. गाडीबाहेर हात काढायचा नाही, प्लॅस्टिक टाकायचं नाही, रुळाकडेला काम करणारा गँगमन दिसला तर मुलांना हात हलवायला सांगा.

तिकीट मिळालं नाही तर

परत फिरू नका. नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जा. माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी आहे, सगळ्या तिथेच थांबतात, आणि नगरपरिषदेचा प्रवासी कर तिथेच भरायचा असतो. नाक्याजवळच अमन लॉज स्टेशन आहे. तिथून माथेरानपर्यंत शटल चालते, तीन किलोमीटरच्या आतला टप्पा, वीसेक मिनिटांचा. गाडी तीच, रूळ तोच, फक्त मोठी वळणं आणि कडक चढ हुकतो. लहान मुलं आणि गाडीत मळमळणारी माणसं बरोबर असतील तर मी आधीपासूनच हा बेत करायला सांगतो.

वर पोचल्यावर सर्वांत आधी माथेरानच्या खिडकीवर परतीच्या तिकिटाची चौकशी, मग जेवण. माकडं हातातली पिशवी ओढून नेतात, खाऊ पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा. लाल माती कपड्यांना लागली की धुऊनही पटकन जात नाही, पांढरे बूट घरी. परतीची मिनी ट्रेन हुकली तर शटलने अमन लॉज, दस्तुरीहून टॅक्सीने नेरळ, आणि नेरळहून मुंबईकडची कुठलीही लोकल. संध्याकाळी त्या गाड्यांमध्ये कर्जतहूनच माणसं बसून आलेली असतात, तेव्हा आईसारखं कुणी बरोबर असेल तर फलाटावर ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव आसनं असलेला डबा कुठे येतो ते आधी विचारून तिथे उभे राहा.